‘ड्रीस-गोडबोले परिणाम’ म्हणजे काय? रोहिणी गोडबोले यांनी आयुष्यभर नेमकं काय मोजलं

पुण्याच्या हुजूरपागेत रोहिणी गोडबोले शिकत होत्या, तेव्हा तिथे सातवीपर्यंत मुलींना विज्ञान हा विषयच नव्हता. त्याऐवजी गृहशास्त्र होतं. राज्य शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मात्र विज्ञान लागायचं. ते वेगळं शिकून त्या परीक्षेला बसल्या आणि ती शिष्यवृत्ती मिळवणारी त्यांच्या शाळेतली पहिली मुलगी ठरल्या. मराठी माध्यमाच्या शाळेतल्या या मुलीचं आडनाव पुढे भौतिकशास्त्रातल्या एका परिणामाला लागलं. आजही जगात कुठे नवं कण-आदळ यंत्र बांधायचा विचार सुरू झाला की आराखडा करणाऱ्यांना त्या परिणामाचा हिशेब मांडावा लागतो.

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ७१. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ‘ज्येष्ठ कण-भौतिकशास्त्रज्ञ, पद्मश्री’ असं छापून आलं, फ्रान्स सरकारच्या सन्मानाचाही उल्लेख होता. पण कण म्हणजे कुठले, आणि त्यांच्यावर संशोधन म्हणजे रोज सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे फारसं कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे बारावी सायन्स झालेल्या पोराने ‘मला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचंय’ म्हटलं की घरात पहिला प्रश्न असतो, ‘मग काय, मास्तर होणार?’ त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर एखाद्या शास्त्रज्ञाचं काम वर्षावर्षाने उलगडून बघावं लागतं. मी स्वतः बी.कॉम.चा, त्यामुळे हे सगळं मला हिशेबाच्या भाषेतच नीट समजतं. वाचकांनी तेवढी सूट द्यावी.

चार कोटी व्हाउचर, तेही सेकंदाला

युरोपात जिनिव्हाजवळ सर्न ही प्रयोगशाळा आहे. तिथला २७ किलोमीटरचा गोल बोगदा स्वित्झर्लंड आणि फ्रान्स या दोन्ही देशांच्या जमिनीखालून जातो. त्यात प्रोटॉनचे पुंजके समोरासमोरून आणून एकमेकांवर आदळतात, सेकंदाला साधारण चार कोटी वेळा. प्रत्येक टकरीत शेकडो तुकडे उडतात. त्यातलं जवळजवळ सगळं जुनंच, आधीच माहीत असलेलं. अब्जावधी टकरी झाल्या की एखाद्यात हिग्ज बोसॉनसारखं काही तरी तयार होतं, आणि तेही डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी फुटून जातं. हातात उरतात फक्त त्याचे तुकडे.

म्हणजे काम कसलं, तर हिशेबनिसाचं. सेकंदाला चार कोटी व्हाउचर येणार, त्यातली बहुतेक सगळी किरकोळ खर्चाची, आणि त्यात कुठे तरी एक अशी नोंद आहे की जी सापडली तर आख्खं खातं नव्याने लिहावं लागेल.

या हिशेबालाही दुहेरी नोंद आहे. टकरीपूर्वी दोन्ही बाजूंचे कण एका सरळ रेषेत येतात, आडव्या दिशेला त्यांचा काहीच जोर नसतो. म्हणजे टकरीनंतर उडालेल्या सगळ्या तुकड्यांच्या आडव्या जोराची बेरीजसुद्धा शून्यच यायला पाहिजे. जमा-नावे जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर समजायचं, कुणी तरी सही न करता निघून गेलं. न्यूट्रिनो नावाचा कण असा आहे, यंत्रातून आरपार जातो आणि कुठे खूण ठेवत नाही. आपण ट्रायल बॅलन्स जुळला नाही की फरक तात्पुरता सस्पेन्स अकाउंटला टाकतो ना, तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे सस्पेन्सला रक्कम राहिली की ऑडिटर ओरडतो, आणि इथे सस्पेन्समधल्या रकमेतूनच शोध लागतात.

आता या व्यवसायात दोन प्रकारची माणसं असतात हे बहुतेकांना माहीत असतं. एक, समीकरणं मांडणारे. दुसरे, यंत्र बांधून प्रयोग करणारे. मधे एक तिसरी जात आहे. तिला फेनोमेनॉलॉजी म्हणतात. नाव अवघड आहे, काम आपल्याला समजायला सोपं. दुभाष्याचं काम. आपल्या भागात दुभाषी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कन्नडमधला उतारा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला त्यात काय लिहिलंय ते मराठीत सांगायचं, आणि त्याचं म्हणणं परत कचेरीच्या भाषेत अर्जात उतरवायचं, हे काम करणारा माणूस दर तालुक्याच्या गावात असतो. समीकरणवाले म्हणतात, अमुक कण असायला हवा. प्रयोगवाले विचारतात, असेल हो, पण आमच्या यंत्रात तो दिसेल कसा? आणि त्याच्यासारखंच दिसणारं खोटं काय काय असेल? या दोघांच्या मधे बसून आकडे काढायचे, ते फेनोमेनॉलॉजीचं काम. रोहिणी गोडबोले आयुष्यभर या जागेवर बसल्या.

टॉप क्वार्क आणि एकटा पडलेला कण

हुजूरपागेनंतर पुण्याचंच स. प. महाविद्यालय, मग आय.आय.टी. मुंबईतून १९७४ साली एम.एस्सी. मधे राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञा शोध शिष्यवृत्ती मिळाली होती. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातून १९७९ साली पीएच.डी. झाली आणि त्याच वर्षी त्या परत आल्या. त्या काळी अमेरिकेत डॉक्टरेट करून परतणं हा काही वहिवाटीचा रस्ता नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तीन वर्षं काढली आणि १९८२ पासून मुंबई विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, कालिन्याला, त्या शिकवू लागल्या.

तिथे रुजू झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, संदीप पाक्वासा आणि डी. पी. रॉय यांच्याबरोबरचा त्यांचा एक शोधनिबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात आला. विषय होता टॉप क्वार्क ओळखायचा कसा. क्वार्क हे प्रोटॉनच्या आतले घटक. सहा प्रकारचे असावेत असा अंदाज होता, पाच सापडले होते, सहावा म्हणजे टॉप सापडत नव्हता. अडचण अशी होती की टॉप फुटल्यावर इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन निघणार, पण बॉटम नावाचा पाचवा क्वार्क फुटला तरी तेच निघतात, आणि बॉटम तर ढिगाने तयार होतात. मग खरी खूण कुठली?

या तिघांनी दाखवलेली खूण अगदी व्यवहारी होती. बॉटम तुलनेने हलका. तो फुटला की निघणारा इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन बाकीच्या तुकड्यांच्या घोळक्यातच अडकून बाहेर येतो. टॉप फार जड. तो फुटला की निघणाऱ्या कणाला असा जोराचा धक्का बसतो की तो घोळक्यापासून लांब, एकटा उडतो. म्हणजे बघायचं काय, तर कण सापडला की नाही एवढंच नाही, त्याच्या आजूबाजूला गर्दी आहे की नाही ते. एकटा असेल तर लक्ष द्या, घोळक्यात असेल तर सोडून द्या. जत्रेत पोलीस संशयित कसा हेरतात, त्यातलाच प्रकार.

टॉप क्वार्क शेवटी १९९५ साली अमेरिकेच्या फर्मिलॅबमध्ये सापडला. सोन्याच्या अख्ख्या अणूच्या जवळपास जाईल एवढं त्याचं वजन निघालं. सीडीएफ आणि डी-झिरो या दोन प्रयोगांनी तो शोधला, आणि डी-झिरोमध्ये टाटा संस्था, दिल्ली विद्यापीठ आणि पंजाब विद्यापीठाचे गट होते. शोधताना जी चाळणी लावली होती, तीत एकटा पडलेला इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन आणि हिशेबात न जुळणारी रक्कम, म्हणजे न्यूट्रिनो, या दोन्ही गोष्टी होत्या. निबंध आणि शोध यांच्यात १२ वर्षं गेली. या धंद्यात १२ वर्षं म्हणजे लवकरच म्हणायचं. कारण पुढची गोष्ट बघा.

प्रकाशाने घेतलेले हातउसने

१९९१ साली गोडबोले यांनी जर्मन शास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांच्यासोबत एक निबंध लिहिला. ‘ड्रीस-गोडबोले परिणाम’ हे नाव त्यातून आलं. (ड्रीस आधी आणि गोडबोले नंतर का, असं कुणी विचारेल. या शाखेत निबंधावर नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने टाकतात. मोठा कोण, धाकटा कोण याचा त्यात संबंध नाही. ही पद्धत आपल्या सत्कार समारंभांच्या पत्रिकांना लागू केली तर कितीतरी भांडणं वाचतील.)

हा परिणाम समजायला आधी एका यंत्राची गोष्ट सांगायला हवी. ते यंत्र अजून कुठेही पुरं उभं राहिलेलं नाही.

प्रोटॉन हा स्वतःच क्वार्कने भरलेला पोता आहे. दोन पोती आपटली की कचरा उडणारच. त्यामुळे शास्त्रज्ञांना वाटतं, आत दुसरं काहीच नसलेला कण घ्यावा. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट जोडीदार पॉझिट्रॉन. हे आपटले तर टक्कर स्वच्छ, हिशेब सोपा. सर्नच्या त्याच बोगद्यात १९८९ ते २००० अशी ११ वर्षं असं यंत्र चाललंही. पण इलेक्ट्रॉन हलका, प्रोटॉनच्या अठराशेवा भाग. हलका कण वळणावर फिरवला की तो प्रकाश टाकतो आणि जोर गमावतो. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना दर वळणाला गाडीचा वेग मोडतो आणि पुन्हा डिझेल जाळून तो धरावा लागतो, तसं. त्या यंत्राच्या शेवटच्या काळात इलेक्ट्रॉन एका फेरीत सुमारे तीन टक्के ऊर्जा गमावत होता, आणि फेऱ्या सेकंदाला ११ हजारांवर. याहून खूप जास्त जोर हवा तर गोल रस्ता परवडत नाही.

उपाय काय? घाट सोडा, सरळ रस्ता बांधा. दोन सरळ नळ्या, समोरासमोर. एकीतून इलेक्ट्रॉन, दुसरीतून पॉझिट्रॉन, मधे टक्कर. याला लिनिअर कोलायडर म्हणतात. पण सरळ रस्त्यात तोटा असा की कण एकदाच येतो. गोल रस्त्यावर नेम चुकला तर पुढच्या फेरीत परत भेटतो, इथे चुकला तो गेला. म्हणून टक्कर होण्याची शक्यता वाढवायला पुंजका फार बारीक दाबावा लागतो. एका पुंजक्यात अब्जावधी कण, आणि टकरीच्या जागी त्याची उंची काही नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

एवढी गर्दी एवढ्याशा जागेत दाबली की नवीनच भानगड होते. समोरून येणाऱ्या पुंजक्याचा विद्युतभार इतका दाट असतो की तो इकडच्या कणांना जवळ आल्या आल्या वाकवतो. आणि वाकला की इलेक्ट्रॉन काय करतो? प्रकाश टाकतो. घाट टाळायला सरळ रस्ता बांधला आणि शेवटच्या क्षणी रस्त्यातच वळण आलं. या प्रकाशाला जर्मन वळणाचं नाव आहे, बीमस्ट्राहलुंग. तो पडणार हे आराखडा करणाऱ्यांना माहीत होतं. ऊर्जा थोडी कमी होईल, एवढाच तोटा त्यांनी मुख्यतः धरला होता.

गोडबोले आणि ड्रीस यांनी विचारलं, त्या प्रकाशाचं पुढे काय होतं?

प्रकाशाचा कण म्हणजे फोटॉन. शाळेत आपण शिकतो की दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांतून आरपार जातात, टक्कर होत नाही. नेहमीच्या प्रकाशासाठी ते बरोबरच आहे. पण फार जोराच्या फोटॉनला एक सवय असते. तो निमिषभर क्वार्क आणि प्रतिक्वार्क अशी जोडी बनून राहतो आणि परत फोटॉन होतो. हातउसने घेतल्यासारखं. संध्याकाळच्या आत परत केले, वहीत नोंद नाही, कुणाला पत्ताही नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा समोरून दुसरा फोटॉन येतो आणि तोही नेमका त्याच क्षणी उसनवारीत असतो. मग टक्कर दोन प्रकाशकणांची राहत नाही, क्वार्कची होते. पोत्यांची टक्कर. आणि ज्या कचऱ्यापासून सुटण्यासाठी हे महागडं स्वच्छ यंत्र बांधायचं, तोच कचरा मागच्या दाराने आत.

हे किती वेळा होईल, ते या दोघांनी आकड्यांत मांडलं. तेव्हा चर्चेत असलेल्या काही आराखड्यांत तर पुंजक्यांच्या जवळजवळ प्रत्येक भेटीत असा कचरा पडेल, इतका तो आकडा मोठा निघाला. म्हणजे हवी ती दुर्मीळ टक्कर झाली तरी तिच्या अंगावर परक्या टकरीचे तुकडे सांडलेले असणार. तो आकडा नेमका किती धरायचा यावर पुढे वाद झाले, नवे हिशेब झाले, गोडबोले यांनी स्वतः इटलीच्या ज्युलिया पांकेरी आणि इतरांसोबत हे गणित पुढे कितीतरी वर्षं सुधारत नेलं. फोटॉनची ही क्वार्कवाली बाजू जपानच्या ट्रिस्टन आणि जर्मनीच्या हेरा या यंत्रांवर नव्वदीच्या सुरुवातीला दिसूनही आली. थोडक्यात, आकड्यावर वाद राहिला, पण ताळेबंदात ती ओळ असायलाच हवी हे कायम झालं.

मला यात सगळ्यात लक्षात राहिली ती निबंधाची जागा. १९९१ साली गोडबोले मुंबई विद्यापीठात होत्या. म्हणजे राज्य विद्यापीठ, जिथे वर्ग घ्यायचे, पेपर तपासायचे आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचं. त्या काळी परदेशातले ताजे निबंध छापण्याआधी पोस्टाने यायचे, आणि ते मोठ्या संस्थांकडे आधी पोचायचे. अशा जागेवरून, युरोप-अमेरिकेतल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांच्या आराखड्यात काय राहून गेलंय ते दाखवलं गेलं. यासाठी यंत्र लागलं नाही. कागद, संगणक, एक चांगला सहकारी आणि ‘पुढे काय होतं’ हा प्रश्न. आपल्या भागातल्या कॉलेजांत ‘इथे सोयी नाहीत, संशोधन काय होणार’ असं सारखं ऐकायला मिळतं. सोयी नाहीत हे खरंच आहे, पण सगळ्याच कामाला सारख्या सोयी लागत नाहीत हेही तितकंच खरं.

न सापडलेल्या कणांचं पुस्तक

१९९५ साली त्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. बेळगावहून रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांना यशवंतपूर स्टेशन माहीत असतं, संस्था त्याच बाजूला आहे. तिथे २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतर मानद प्राध्यापक म्हणून त्या काम करत राहिल्या.

इथल्या वर्षांत त्यांचं बरंच काम सुपरसिमेट्री या कल्पनेवर झालं. आपल्याला माहीत असलेल्या प्रत्येक कणाला एक जड जुळा असावा, अशी ती कल्पना. गणिताने फार सुंदर, आणि विश्वातलं न दिसणारं कृष्णद्रव्य कशाचं आहे याचंही एक उत्तर त्यातून मिळत होतं. ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासोबत गोडबोले यांनी या जुळ्या कणांवर जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं, ते २००४ मध्ये निघालं. जगभरचे विद्यार्थी ते वापरतात. सर्नचं मोठं यंत्र २०१० पासून मोठ्या जोराच्या टकरी घडवू लागलं. आजपर्यंत त्या पुस्तकातला एकही जुळा सापडलेला नाही.

मग ते पुस्तक फुकट गेलं का? व्यापाराच्या हिशेबाने बघितलं तर माल ठेवला, गिऱ्हाईक आलं नाही, तोटा. पण इथला हिशेब वेगळा आहे, आणि हे पटायला मलाही वेळ लागला. ‘सापडला नाही’ असं म्हणायला आधी ‘असता तर असा दिसला असता, इतक्या वेळा दिसला असता’ हे कुणी तरी मोजून ठेवलेलं असावं लागतं. नाही तर नुसतं ‘दिसलं नाही’ याला काहीच किंमत नाही. पाण्याची टाकी गळते का बघायला आधी ती भरलेली किती होती ते माहीत हवं ना. आज प्रयोगवाले छातीठोकपणे सांगतात की अमुक वजनाखाली असा जुळा नाही. तो ‘नाही’ अशा मोजमापांवर उभा आहे. तरीही, आयुष्याची एवढी वर्षं दिलेली कल्पना निसर्गाने अजून मान्य केलेली नाही, हे माणसाला कसं वाटत असेल हा प्रश्न उरतोच. ज्याला रोजच्या रोज निकाल लागतो, त्याने या धंद्यात पडू नये.

हिग्जच्या बाबतीत तसं झालं नाही. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज सापडल्याची घोषणा झाली. ती होण्याआधी काही वर्षं गोडबोले आणि त्यांचे सहकारी दुसऱ्याच प्रश्नावर लिहीत होते: सापडला, तर तो तोच आहे हे ओळखायचं कसं? आरशात बघितल्यासारखी डावी-उजवी आणि कण-प्रतिकण अशी अदलाबदल केली तर तो तसाच वागेल की वेगळा? तो फुटून चार इलेक्ट्रॉन-म्युऑन निघाले तर त्यांच्यातले कोन मोजून हे सांगता येतं, असं दाखवणाऱ्यांत त्या होत्या. नाव सारखं असलं म्हणून माणूस तोच असं नाही, फोटो आणि सही पडताळून बघावी लागते. ती पडताळणी हिग्जच्या शोधानंतर सर्नमध्ये अशाच कोनांवरून झाली.

त्याच संस्थेच्या दारात, ६२ वर्षं आधी

गोडबोले ज्या संस्थेत प्राध्यापक झाल्या, तिथे १९३३ साली आणखी एका मराठी मुलीने अर्ज केला होता. कमला भागवत, लग्नानंतर कमला सोहोनी. जन्म इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली असूनही संस्थेचे प्रमुख सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती मागे हटली नाही. शेवटी अटी घालून घेतलं, पहिलं वर्ष काम पटेपर्यंत नियमित विद्यार्थी मानणार नाही, वगैरे. पुढे केंब्रिजमधून १९३९ मध्ये तिने पीएच.डी. केली. रामन यांनी नंतर मुलींना दार उघडलं, तेही तिचं काम बघूनच.

गोडबोले यांना हा इतिहास नुसता सांगायचा नव्हता. इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या महिला वैज्ञानिकांसाठीच्या समितीचं काम त्यांनी केलं आणि २००८ मध्ये राम रामस्वामी यांच्यासोबत ‘लीलावतीज् डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केलं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वरून नाव. सुमारे शंभर भारतीय महिला वैज्ञानिकांच्या गोष्टी त्यात आहेत, बऱ्याच त्यांनी स्वतः लिहिलेल्या. मुलींना विज्ञानाची आवड नसते, हे त्यांना मान्य नव्हतं. मुली एम.एस्सी., पीएच.डी.पर्यंत येतात आणि नोकरीच्या टप्प्यावर गळतात, तेव्हा गळती कुठे आहे ते मोजा, असा त्यांचा रोख होता. इथेही परत मोजमापच. नोकरी, लग्न, बदलीचं गाव आणि मूल या चारही गोष्टी तिशीच्या आसपास एकदम येतात, आणि या शाखेत पक्की नोकरीही तेव्हाच मिळायची असते.

आता जे पालक हे वाचतायत त्यांच्यासाठी थोडं रोखठोक. बी.एस्सी., एम.एस्सी. पाच वर्षं. मग नेट, गेट किंवा जेस्ट यापैकी परीक्षा देऊन पीएच.डी., साधारण पाच-सहा वर्षं, तेवढा काळ शिष्यवृत्तीवर घर चालतं, श्रीमंती नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या एक-दोन हंगामी नेमणुका, बहुतेक वेळा परदेशात. प्राध्यापकी मिळाली तर पस्तिशीच्या आसपास, आणि जागा थोड्या. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यातले बरेच जण डेटा सायन्सकडे, सॉफ्टवेअरकडे, बँकांच्या जोखीम विभागाकडे जातात, कारण ढिगातून खरी नोंद काढायची सवय तिथेही चालते. शाळेतून विज्ञानाकडे खेचून घेणारी राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षा, जिच्या जुन्या रूपाचा गोडबोले यांना उपयोग झाला, ती गेली काही वर्षं बंद आहे. ती पुन्हा सुरू व्हावी असं माझं मत आहे, कारण लहान गावातल्या शाळेला बाहेरच्या जगाशी जोडणारा तो एक स्वस्त धागा होता. बेंगळुरूच्या त्याच संस्थेत आता बारावीनंतर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि पुण्यात आयसर आहे, हे आपल्या भागातल्या मुलांना दोन्ही बाजूंनी जवळचं. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे तिथल्या काही नेमणुका आणि प्रशिक्षणासाठी भारतीयांना अर्ज करता येतो.

राहिली गोष्ट त्या सरळ रस्त्याच्या यंत्राची. जपानमध्ये बांधायच्या यंत्राचा आराखडा २०१३ मध्ये तयार झाला, तेव्हा लांबी ३१ किलोमीटर होती, खर्च बघून ती पुढे २०च्या आसपास आणली, निर्णय लांबतच राहिला. या यंत्राच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार गटात गोडबोले यांनी काम केलं होतं. सर्नचा स्वतःचा क्लिक नावाचा आराखडाही कागदावरच आहे, आणि आता तिथे ९१ किलोमीटरच्या नव्या गोल बोगद्याचीही चर्चा चालू आहे. ३३ वर्षं झाली तरी ज्या यंत्राचा कचरा मोजला ते बघायला मिळालं नाही. क्लिकच्या २०१२च्या आराखड्यात मात्र तो कचरा नावानिशी मोजलेला आहे: सगळ्यात जास्त ऊर्जेला, पुंजक्यांच्या दर भेटीत फोटॉन-फोटॉन टकरीतून येणाऱ्या अशा ३.२ घटना. एका माळेत ३१२ पुंजके, दोन पुंजक्यांत अंतर अर्ध्या नॅनोसेकंदाचं. म्हणजे एका माळेमागे हजारएक परक्या टकरी, आणि त्यांना बाजूला काढता यावं म्हणून त्या यंत्रातल्या मोजणीच्या उपकरणांना वेळ किती बारीक ओळखता आली पाहिजे, तेही तिथेच ठरवून ठेवलंय.